घासलेलं बी

बाबा, तुमची बॅटरी सापडली. तीच, तीन सेलची, पितळी, सांजीले कापसाच्या जीनवर चौकीदारीले जाताना जी तुमी पट्ट्यानं खांद्याले अडकवत होते. घराले रंग द्याचा म्हनून सज्ज्यावरचं सामान खाली काढलं, त्यात निघाली. पार हिरवी पडली हाय. भंगारात टाकाच्या आधी मी तिचं बूड फिरवून पाहिलं, म्हनलं आतमधी सेल फुटले असन तं हात खराब नोको व्हाले. सेल नव्हतेच. एक चिंधी कोंबून ठेवली होती. चिंधी ओढली तं मांडीवर बी सांडलं. वेलीचं. मोजलं, कारन मोजाची सवय जात नाई. तेरा दाने होते. आन तेराच्या तेरा दाने एका बाजूनं घासलेले, डोळा सोडून, आतलं पांढरं दिसेपर्यंत, जसे तुमी घासत होते तसे. मी तिथंच फरशीवर बसून राहिली. रंगवाला शिडीवरून म्हने, "आजी, चक्कर आली का?" म्हनलं, "तू तुही भिंत पाह्य."

पत्र लिहाची मले सवय नाई. सातवी शिकली, त्यातलंही निम्मं उडून गेलं. हे लिहून टाकाचं कुठं, तेही माहीत नाई. पन बोलाले जावं तं कोनासमोर बोलू. तुमचा जवाई गेला, पोरं आपापल्या कामात, आन ही पोराइले सांगाची गोष्ट नाई. गोष्ट एवढीशी हाय. बावीस-तेवीस वर्सं झाले, मी तुमाले एक शब्द खोटा बोलली, आन त्या एका शब्दावर तुमाले अकोल्याहून उचलून अमरावतीले आनलं. इतके वर्सं मी असं धरून चालली का तुमाले ते समजलं नाई. हे दाने मांडीवर पडले तवा समजलं का तुमाले पह्यल्या दिवसापासून माहीत होतं.

लोकं त्या वेलीले गुलचांदनी म्हनते, कोनी चांदनवेल म्हनते. तुमी नुसतं वेल म्हनत. जीनच्या मांगच्या वस्तीत आपली एक खोली, वर टिन, समोर दोन हात जागा. रुईच्या गाठी बांधाच्या लोखंडी पट्ट्या तुटल्या का जीनवाले फेकून देत. त्या तुमी आनून दारापासून टिनापर्यंत ताणल्या होत्या, आन त्याच्यावर वेल. अकोल्याचं पानी खारं, उन्हाळ्यात तं प्याच्या पान्याचेच वांधे, म्हनून वेल दर साली वाळून जाय आन दर मिरगाले नवीन बी लावा लागे. पत्त्यातल्या बदामासारखे मोठे मोठे पानं. दिवसा पाहिलं तं नुसतं हिरवं. वस्तीतल्या बाया हासत, "चौकीदारानं कायची वांझोटी वेल लावली व." त्याइले काय माहीत, वेल फुले तवा त्या चुलीपुढं राहत. दिवस बुडाला का लांब कळीचा पीळ सुटे, जशी बांधलेली छत्री सुटते, आन पाहता पाहता बशीएवढं पांढरं फूल. वास असा का मोरीचा वास मरून जाय.

तुमी दुपारभर झोपून उठत, आंग धूत, चून-भाकर खात आन खाकी सदरा घालून दारात बसत. आपल्या घरी घड्याळ नव्हतं. पह्यलं फूल उघडलं का तुमी काठी घेत, बॅटरी अडकवत, "चला, येळ झाली," म्हनत आन जात. ज्या महिन्यात फुलं नसत त्या महिन्यात तुमी उन्हाचा अंदाज घेत आन रोज एकतर लौकर पोचत नाई तं शिव्या खात. सकाळी तुमी परत येत तवा ते फूल मान टाकून राहे. मी एकदा म्हनली होती, "बाबा, झेंडू लावा नं, दिवसा दिसते तरी." तुमी म्हनले, "दिवसाचं फूल मले कुठं भेटते बाई. मी झोपून राहतो. हे आपल्या ड्युटीचं फूल हाय."

मी नऊ-दहाची असन, तवाची गोष्ट तुमी ईसरले नसान. शेजारी रेडिओ आला होता आन तुमी ड्युटीवर गेल्याबिगर मले तिथं जाता ये नाई. मले वाटे कळी मुद्दाम उशीर करून राहिली. तुमी मोरीत आंग धून राहिले होते, तेवढ्यात मी बोटानं तिचा पीळ सोडवला. फूल झालं नाई. ओल्या चिंधीसारखं लोंबलं. लहाना भाऊ तवा चार-पाच वर्साचा असन, तो म्हने, "आता तुले पोलीस नेईन." तुमी बाहेर आले, पाहिलं, मारलं नाई. मारलं असतं तं बरं होतं. "घाई केली बाई तू," तुमी म्हनले. "आता हे कळीही नाई आन फूलही नाई." त्या सांजीले तुमी दुसऱ्या फुलाची वाट न पाहता निघून गेले. रेडिओवर काय लागलं होतं ते मले आठवत नाई. तुमची पाठ आठवते.

आन बी घासनं आठवते. मिरगाच्या आधी तुमी पायरीच्या दगडावर बसत, दाना चिमटीत धरत आन मले दाखवत. "हा त्याचा डोळा. इथून मोड येते. डोळ्याले धक्का लावाचा नाई. त्याच्या उलट्या बाजूनं घासाचं, पांढरं दिसलं का थांबाचं." दोन दाने घासले का मले कंटाळा ये. मी म्हनो, "टाका नं असेच मातीत. सरकी कुठं कोनी घासते?" तुमी म्हनत, "सरकी गरीब हाय. हे तुह्यासारखं हाय, टनक. बोललेलं वरच्यावर निघून जाते. जरासं घासलं तवा कुठं आत पानी जाते." मंग रातभर ओल्या चिंधीत. सकाळी फुगलेले दाने लावाचे, न फुगलेले पुन्हा घासाचे. मी एकदा न फुगलेले उकिरड्यावर फेकाले निघाली तं तुमी हात धरला. "मेलं हाय का ते, फेकाले? दार लागलं हाय नुसतं." घासून घासून तुमच्या अंगठ्याची साल जाय. आठ-आठ दिवस तो अंगठा खरबडा राहे, तुमी गालाले लावला का आमी वरडत होतो.

लग्न झालं तवा तुमी मले त्याच बियाची पुरचुंडी देली. "अमरावतीचं पानी गोड हाय, चांगली पसरन." मी ती ट्रंकेत टाकली आन ईसरली. पुढच्या साली तुमी इचारलं, मी म्हनली जागा नाई. तवा खरंच नव्हती. मंग जागा झाली तं येळ नव्हता. मले नोकरी लागली होती, बी तपासाच्या सरकारी प्रयोगशाळेत, शिपाईन म्हनून. तुमी वस्तीभर सांगत फिरले, "माही पोरगी बियाची डाक्टर हाय." डाक्टर कायची. ओल्या कागदात दाने मोजून ठेवाचे, गुंडाळी कराची, ऊब राहते त्या कपाटात लावाची, दिवस भरले का उलगडून म्याडमपुढं धराची. म्याडम पाहत, मी ढेऱ्या करो. चांगलं उगवलं ते एकीकडं, वाकडं उगवलं ते दुसरीकडं, सडलं ते मेलेलं. आन एक चौथी ढेरी राहे, कवा कवा. पानी पेलंच नाई, ठेवलं तसंच टनक. त्याले म्याडम कडक बी म्हनत. म्याडम पुन्याच्या, पुस्तकासारख्या बोलत. "हे मेलेलं नाही हं बाई, हे झोपलंय. मेलेल्यात टाकायचं नाही." मी तीस वर्सं त्या चार ढेऱ्या केल्या, बाबा. मले माहीत नव्हतं असं मी म्हनू शकत नाई.

मंग जीन बंद पडली, तुमचा एक डोळा गेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. लहाना दोन घरं सोडून राहे, ऑटो चालवे, त्याची बायको तुमाले दोन येळ ताट दे. काही वाईट चाललं नव्हतं. पन तुमी एकदा मोरीत पडले आन मी ठरवलं. मी ठरवलं म्हनजे झालं. डोळ्याचं आपरेशन अमरावतीले, मंग राहनंही अमरावतीले, तारीखही घेऊन टाकली. लहाना म्हने, "बाई, बुढ्याले इथंच राहू दे. त्याचे लोकं इथं हाय, त्याची वेल इथं हाय." मी म्हनली, "वेल काय डोळ्यात औषध टाकनार हाय का?" तुमी दारातच बसले होते, सगळं ऐकून राहिले होते. भांडले नाई. म्हनले, "येतो बाई. पन आधी तुह्या अंगनात वेल लाव. उगवली का निरोप दे, मी दुसऱ्या दिवशी येतो." आन माह्या मुठीत बी देलं. जास्तीचं चिंधीत बांधून कनवटीले खोसलं.

मले राग आला. येष्टीत बसून मी सगळा हिशेब केला. आज बी लावा, मंग दहा दिवस, मंग तुमी म्हनान दोन पानं तं येऊ दे, मंग म्हनान कळी येऊ दे. तारीख निघून जाईन. घरी कुंडी नव्हती, माती नव्हती, आन दाने घासत बसाले मी रिकामी नव्हती. दुसऱ्या दिवशी आफिसात मी ते दाने तसेच, न घासता, ओल्या कागदात गुंडाळले आन सरकीच्या नमुन्याच्या मांगं ठेवून देले. मले आतून माहीत होतं का त्यात पानी जानार नाई. माहीत असून ठेवलं. दिवस भरले, कागद उलगडला. जसेच्या तसे दाने, चकचकीत. म्याडम मांगून आल्या. "हे कुठलं बी, बाई? अगदी कडक आहे. घासून लावा, छान येईल." मी म्हनली, "हो म्याडम." त्या वळल्या, आन मी कागदासकट बादलीत टाकलं. चौथी ढेरी केली नाई. मले ते मेलेलंच पाहिजे होतं.

रविवारी पह्यल्या येष्टीनं निघाली. मूर्तिजापूरले गाडी थांबली तरी खाली उतरली नाई, चहा पेली नाई. तोंडात तेच वाक्य घोळवून राहिली होती. तुमी पायरीवर बसले होते, उन्हाकडं तोंड करून. मी चपला काढाच्या आधीच बोलली.

"मेलं हाय बाबा तुमचं बी. सरकारी कपाटात ठेवलं होतं, दहा दिवस. एक दाना उगवला नाई."

"घासलं होतं का?"

"घासलं."

"डोळा सोडून?"

"हो नं बाबा, डोळा सोडून. किती इचारता."

तुमी हात पुढं केला. मले वाटलं उठाले आधार मागून राहिले. मी हात देला. तुमी उठले नाई. माह्या अंगठ्यावरून आपलं बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून, आन सोडून देलं. मंग म्हनले, "बरं. मंग चालतो. सरकारी कपाट खोटं थोडी बोलन." मांगं लहाना उभा होता, त्याले म्हनले, "माही पेटी काढ." लहाना माह्याशी महिनाभर बोलला नाई. तुमी माह्याशी बोलत राहिले, आपरेशनचं इचारत राहिले, आन मी खुश होती का सगळं सुरळीत झालं. माहा अंगठा किती गुळगुळीत होता ते मले आता समजून राहिलं.

अमरावतीले तुमाले काही कमी पडू देलं नाई, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. गरम पानी, औषध, पौर्णिमेले विहारात नेनं, सगळं. डोळा बरा झाला, फार नाई, मानूस वळखू ये एवढा. पन सांज झाली का तुमी खाकी सदरा मागत आन पायरीवर जाऊन बसत. "येळ झाली का बाई?" मी सैपाकातून वरडो, "सात वाजले बाबा." तुमी म्हनत, "सात वाजले ते खरं. येळ झाली का?" मी म्हनो, "अंदर या, मच्छर चावते." मले वाटे बुढ्याचं डोकं फिरून राहिलं. मी शेजारनीले तसंच सांगतलंही.

पह्यल्या मिरगाले तुमी इचारलं होतं, "बाई, त्या कोपऱ्यात ऊन येते का?" मी म्हनली, "येते. तिथं सायकल राहते." तुमी मान हालवली. त्याच आठवड्यात मी तुमचा अंगठा पाहिला, पांढरा, सोललेला, धोतरावर भुकटी. वरडली मी, "काय बाबा, आत्ताच धुतलं धोतर, कायची धूळ लावून घेता?" तुमी म्हनले, "काही नाई बाई. बसल्या बसल्या." पुढच्या मिरगाले पुन्हा तसंच. पुन्हा मी वरडली. दोन पावसाळे तुमी बी तयार करून बसले होते, आन वाट पाहत होते का मी म्हनीन, बाबा, लावा. तुमी स्वताहून लावलं असतं तं उगवलं असतं, आन मी खोटी पडली असती, माह्याच घरी, माह्याच अंगनात. म्हनून तुमी लावलं नाई. दुसऱ्या हिवाळ्यात तुमी गेले. बॅटरी मी सज्ज्यावर टाकली, उघडून पाहिली नाई. तेवढा येळ कुठं होता.

यंदाच्या मिरगाले मी सगळं नीट केलं. सायकल कवाच गेली, कोपरा रिकामाच होता. दाने ओल्या चिंधीत बांधले तं दुपारपर्यंत टम्म फुगले. म्हनलं वा. घाईघाईनं लहान्याले फोन लावला. तो आता साठीच्या पुढं हाय, गुडघे गेले, ऑटो पोरगा चालवते. "बाबाचं बी सापडलं," मी म्हनली.  तो म्हने, "लावलं का?" "लावलं." "मी पाहाले येतो, फूल आलं का."

दहा दिवस झाले. पंधरा झाले. मी बोटानं माती उकरून पाहिली. चिखल झाला होता दान्याचा, वास मारून राहिला होता. म्याडम सांगत ते तवा आठवलं, का घासलेलं बी ठेवाचं नसते, लगेच लावाचं असते. टनक होतं तोपर्यंत ते इतके वर्सं जगलं असतं एखादवेळी. पन तुमी तं दार उघडून ठेवलं होतं, माह्या भरोशावर. हे मेलेल्याच्याच ढेरीतलं. आता खरंच.

लहाना दोन-चार दिवसाआड फोन करे. "उगवलं का?" "वाट पाह्य." "तू आन वाट पाह्य म्हनतं, बाई? तब्येत बरी हाय नं तुही?" तिसऱ्या फोनाले मी रस्त्यावरच्या नर्सरीत गेली आन त्याच वेलीच्या बियाची पाकिटं आनली, चकचकीत, वर फुलाचा फोटो. पायरीवर बसून घासलं, एक एक दाना, डोळा सोडून. अंगठ्याची साल गेली. आठव्या दिवशी मोड आले. मी फोन केला, "उगवलं." तेवढंच म्हनली. कोनतं, ते तो इचारत नव्हता आन मी सांगत नव्हती.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी तो आला. खाली बसता येत नाई त्याले, म्हनून अंगनात खुर्ची टाकून देली. सून चहा घेऊन आली तं म्हने, "आत्ता नोको, आत्ता फूल पाहू दे." बसला वेलीकडं तोंड करून. मीही पायरीवर बसली. दिवस बुडाला. कळी हालली, पीळ सुटला, पांढरं उघडलं. आन आपला लहाना, गुडघ्याचा दुखनाईत, खुर्चीचे दोन्ही हात धरून उभा झाला. "चला, येळ झाली," म्हने. मंग स्वताच हासला. "पाहा नं बाई, पाय आपोआप उठले. बाबा निघाले का दाराची कडी मले लावा लागे."

"बस, पडशीन," मी म्हनली.

तो बसला. थोड्या येळानं म्हने, "तेच बी नं बाई?"

"तेच."

"घासलं होतं?"

"घासलं."

तवा दाने तुमचे खरे होते आन घासनं खोटं. आता घासनं खरं आन बी खोटं. दोन्ही डाव एकच आवाज निघाला माह्या तोंडातून.

तो म्हने, "मी तुह्या घरी भेटाले येऊ तवा बाबा मले सांगत, बी हाय माह्यापाशी. मी म्हनो, मंग लावत काहून नाई? तं म्हनत, बाई लावन. तिले येळ भेटला का ती लावन. तू तिले इचारू नोको, तिले वाईट वाटन." वेलीकडं पाहतच बोलत होता. "मले वाटे बुढा तुह्या बाजूनं बोलून राहिला. मी तुह्यावर भल्ला चिडून होतो तवा. पन लावलं तू शेवटी. बरं केलं."

तवा सांगता आलं असतं. फूल समोर होतं, सून अंदर होती, तो आन मी दोघंच. मी चहा गरम कराले उठून गेली.

आता थंडी पडली. वेलीचे बोंडं वाळून तपकिरी झाले. काल त्याचा फोन आला, "वाळले का बाई? मी पोराले पाठवतो बी घ्याले. जीनच्या जागेवर आता दुकानं झाले, पन माह्या दारापाशी जागा हाय. गाठीच्या पट्ट्याही दोन-तीन ठेवल्या हाय मी बाबाच्या." मी म्हनली, "पाठव." बोंडं फोडले, दाने निवडले, पुडी बांधली. तो दर साली घासत बसन, नातवाले दाखवन, आन सांगन का हे माह्या बाबाचं बी हाय.

हे कागद मी दुमडून पाहिले, बॅटरीत बरोबर बसते. भंगारवाल्याले ती देत नाई आता.

एक सांगाचं राहिलं. तेरापैकी मी बाराच लावले होते. आमच्या आफिसात नमुन्यातलं थोडं बाजूले ठेवून देत, मांगाहून कोनी भांडाले आलं तं पाहाले म्हनून. त्याच सवयीनं एक दाना डबीत पडून होता. तो मी लहान्याच्या पुडीत टाकला. कायदा मले माहीत हाय, एका बियात दुसरं मिसळलं का आमी तो नमुना नापास करत होतो. पन त्या पुडीत तुमचं काहीतरी असू दे. तो इचारन, बाई, हा एकच घासलेला कसा, तं मी म्हनीन, सुरुवात करून देली तुले. जिंदगीभर लोकाइचं बी तपासलं बाबा. तो दाना ओल्या कागदात ठेवून पाहाची माही हिंमत झाली नाई.